दोन चाकांवरून : डॅन्यूबकाठ आणि काळीकाठ



मागच्या महिन्यात ‘पन्नाशीनंतर कोणती सायकल घ्यावी’ यावर लिहिलं, तेव्हा गिअर, पंक्चर आणि गुडघे यांवरच प्रश्न येतील असं वाटलं होतं. आले, पण थोडे. निम्म्याहून जास्त लोकांनी भलतंच विचारलं. युरोपात द्राक्षमळ्यांमधून आठवडाभर सायकल चालवत फिरायच्या सहली असतात, त्या आपल्या मंडळाच्या ग्रुपला झेपतील का? खर्च किती? शाकाहारी लोकांचं काय? आणि एका काकूंनी फोनवर आवाज खाली आणून विचारलं, “वाईन न पिणाऱ्यांनी तिथं जाऊन करायचं काय रे?”

उत्तरं देतो. मात्र या जानेवारीत आम्ही नऊ जण जोयडा तालुक्यात चार दिवस सायकली चालवून आलो आणि तेव्हापासून ही दोन्ही ठिकाणं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसली आहेत. त्यामुळे आज दोन्हींबद्दल लिहितो.

आधी युरोप. कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर व्हिएन्नात होतो. शनिवार-रविवारी ऑफिसातली पाच-सहा मंडळी सायकली घेऊन लोकलमध्ये चढायचो आणि मेल्क नावाच्या गावी उतरायचो. तिथून क्रेम्सपर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने पस्तीसेक किलोमीटरचा जो पट्टा आहे, त्याला वाखाउ म्हणतात. दोन्ही बाजूंना डोंगरउतार, उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या, पायऱ्यांवर द्राक्षं, खाली जर्दाळूच्या बागा आणि मध्ये नदी. २००० साली युनेस्कोने हा सगळा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्नापर्यंत जो तीनशेहून जास्त किलोमीटरचा प्रसिद्ध सायकलमार्ग आहे, त्याचा हा सर्वांत देखणा तुकडा.

गुडघ्यांची काळजी असणाऱ्यांसाठी चांगली बातमी म्हणजे हा रस्ता जवळजवळ सपाट आहे. पूर्वी बोटी प्रवाहाच्या उलट ओढून नेण्यासाठी काठाने घोडे चालायचे, त्या घोड्यांच्या वाटेवरच बराचसा सायकलमार्ग झाला आहे. सामान आपण वाहायचं नसतं. सकाळी बॅग हॉटेलच्या दारात ठेवायची, संध्याकाळी ती पुढच्या हॉटेलात आपल्या आधी पोचलेली असते. सायकल भाड्याने मिळते, बॅटरीवाली हवी तर तीही. राहणं, नाश्ता, सायकल आणि सामानाची ने-आण मिळून आठवड्याचे साधारण सातशे ते हजार युरो धरा. विमान, व्हिसा आणि दुपार-रात्रीचं जेवण वेगळं. रोज तीस-चाळीस किलोमीटर. आपल्यातले साठीचे लोकही आरामात करतील.

आता वाईनचा प्रश्न. तिथे ‘हॉयरिगर’ नावाचा प्रकार असतो. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला की शेतकऱ्याने आपल्या मळ्यातली वाईन आणि आपल्या घरचे खाद्यपदार्थ आपल्याच घरी विकायला हरकत नाही. तेव्हापासून चालत आलेली ही पद्धत. दारावर झाडाच्या हिरव्या डहाळ्यांची जुडी लटकत असेल तर समजायचं की घर उघडं आहे. अंगणात लाकडी बाकं मांडलेली. घरची बाई पाव, चीज, लोणच्यातली काकडी, उकडलेले बटाटे असं काहीबाही आणते. न पिणाऱ्यांना द्राक्षाचा किंवा जर्दाळूचा रस मिळतो, आणि सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर नुकता फसफसायला लागलेला गढूळ गोड रसही. (तो मात्र ‘रस’ म्हणून मुलांच्या हातात देऊ नका, त्यात दारू तयार झालेली असते. आणि ऑस्ट्रियात सायकल चालवणाऱ्यालाही रक्तातल्या दारूची मर्यादा आहे, ०.८ प्रति हजार. पोलीस थांबवू शकतात.) सगळी घरं एकदम उघडी नसतात. या आठवड्यात या घरी, पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याकडे अशी गावात पाळी लावलेली असते आणि तिचं छापील वेळापत्रक मिळतं. दोन आठवडे पाहुणे, मग पुन्हा मळ्यातलं काम. शेतकरी शेतकरीच राहतो, हॉटेलवाला होत नाही. ही गोष्ट मला तिथल्या वाईनपेक्षा जास्त आवडली.

स्पिट्झ गावाजवळ नदी ओलांडायला एक तराफ्यासारखी बोट आहे. तिला इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधली आहे, बोट त्या तारेला अडकवलेली असते आणि नावाडी फक्त तिचा कोन बदलतो. प्रवाह तिला पलीकडे ढकलतो. इंजिनियर असल्यामुळे मी सायकल टेकवून तीन वेळा इकडून तिकडे गेलो. तिसऱ्या फेरीला नावाड्याशी गप्पा झाल्या. तो म्हणाला की ही बोट चालते, कारण इथे नदी वाहते. ऑस्ट्रियातली बहुतेक डॅन्यूब आता वीजघरांच्या बंधाऱ्यांनी अडवलेली, तळ्यासारखी शांत आहे. वाखाउतही बंधारा व्हायचा होता. १९७० च्या दशकात वीजप्रकल्पाचा आराखडा आला तेव्हा इथले रहिवासी एकत्र आले आणि वर्षानुवर्षं विरोध करत राहिले. पुढे डिसेंबर १९८४ मध्ये व्हिएन्नाच्या पूर्वेला हाइनबुर्ग इथे अशाच एका प्रकल्पाविरुद्ध हजारो लोक कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या जंगलात ठाण मांडून बसले आणि सरकारला काम थांबवावं लागलं. आज ऑस्ट्रियात डॅन्यूब मोकळी वाहते ती मुख्यतः या दोनच पट्ट्यांत.

बोटीतून उतरल्यावर मी बराच वेळ काठावर बसून होतो. कारण १९७० च्या दशकात दुसऱ्या एका नदीचं काय झालं, ते मला घरात ऐकून पाठ होतं.

माझं आजोळ सुप्याचं. आज नकाशात शोधलंत तर सुपा म्हणून धरण सापडेल, जलाशय सापडेल, गाव सापडणार नाही. काळी नदी उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यातल्या डिग्गीच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. जन्मापासून मरणापर्यंत एकाच जिल्ह्यात. या नदीवर सुप्याला धरणाचं काम १९७४ मध्ये सुरू झालं आणि १९८७ मध्ये पुरं झालं. उंची १०१ मीटर. सुपा हे तालुक्याचं ठिकाण होतं, बाजार होता, कचेरी होती. ते आजूबाजूच्या खेड्यांसकट पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या. सरकारी कागदांवर तालुक्याचं नाव मात्र बरीच वर्षं सुपा असंच येत राहिलं. उठवलेल्या लोकांना रामनगरला जागा दिली गेली. माझे आजोबा-आजी त्यांच्यातलेच.

हे सांगताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. सुप्याच्या पाण्यावर खाली नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा अशी वीजघरं चालतात. काळी नदीवरच्या वीजघरांची एकत्रित क्षमता बाराशे मेगावॉटच्या वर आहे. मी बंगळुरात बसून लॅपटॉपवर हा लेख लिहितो आहे आणि पंखा फिरतो आहे, त्यात आजीच्या परसाचा वाटा आहे. धरण नको होतं असं मी सहज म्हणून टाकू शकत नाही. आजी म्हणायची. तिला तो अधिकार होता.

तर जोयडा. कल्पना साधी होती. वाखाउत जे जमतं, म्हणजे थोडं अंतर, सामान गाडीत, मुक्काम शेतकऱ्याच्या घरी आणि खाणं त्या घरातलंच, ते इथे जमतं का बघायचं. नऊ जणांपैकी सात सायकलवर आणि दोघं बोलेरोत सामान, पाणी, पंप, ट्यूब घेऊन. सर्वांत मोठे आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका, वय ६३. सर्वांत लहान माझी भाची, अकरावीतली. बंगळुरूहून रात्रीच्या गाडीने लोंढा जंक्शन, सायकली आदल्या दिवशी टेम्पोने पुढे गेलेल्या. पहिला मुक्काम रामनगरला मामाच्या घरी.

मामाने विचारलं, “सायकलीनं कशाला आलास रे? बस चुकली काय?” त्याचा विनोद नव्हता. जोयड्यात सायकल ही शाळेतल्या मुलांनी आणि पैसे नसलेल्यांनी चालवायची वस्तू. तीस-चाळीस हजारांची सायकल मुद्दाम विकत घेऊन चढ चढणाऱ्या माणसाकडे लोक प्रेमाने पण काळजीने बघतात. जगलबेटला चहाच्या टपरीवर एका आजोबांनी आमच्या बँकवाल्या काकांना पाच रुपये परत केले, चहाचे घेतलेच नाहीत. काकांना अजून कळलेलं नाही की तो आदर होता की दया.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मामीने जुनी पेटी उघडून फोटो दाखवले. सुप्याच्या बाजारातलं आजोबांचं दुकान, मागे कौलारू माडी. माझ्या भाचीने विचारलं, “हे आता कुठे आहे?” मामा म्हणाला, “उद्या त्याच्यावरनंच जाल की.” म्हणजे अगदी वरून नाही. जगलबेटहून जोयड्याला जायचं तर आता धरणाच्या खालच्या अंगाने, गणेशगुडीला नदी ओलांडून जावं लागतं. पण मामाच्या डोक्यातला नकाशा जुनाच आहे. त्याच्यासाठी रस्ता अजून सुप्यावरून जातो.

दुसऱ्या दिवशीची सायकल मला तुम्हाला सविस्तर सांगायची आहे, कारण चार दिवसांतली ती सर्वांत कठीण होती. वाखाउचा सपाट काठ विसरा. इथला रस्ता सतत वर-खाली आहे. कुठला एक मोठा घाट नाही, पण दर वळणाला छोटा चढ, छोटा उतार, पुन्हा चढ. सकाळी धुकं, दहापर्यंत अंगात स्वेटर, अकराला घामाघूम. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. गाड्या कमी, पण ज्या येतात त्या वळणावर जोरात येतात, म्हणून सगळ्यांनी एका ओळीत, मागच्या सायकलला लाल दिवा आणि सर्वांत पुढे अनुभवी माणूस हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. गणेशगुडीला पुलावर थांबलो. खाली राफ्टिंगच्या रबरी बोटी लावलेल्या. इथलं राफ्टिंग वीजघरातून पाणी किती सोडतात त्यावर अवलंबून असतं. वीज हवी असेल तर पाणी सुटतं, पाणी सुटलं की बोटी चालतात. स्पिट्झच्या त्या बिनइंजिनाच्या बोटीची मला इथे आठवण झाली. ही नदीही ढकलते, फक्त वेळ दुसरं कोणी ठरवतं.

गणेशगुडी आणि दांडेलीच्या पट्ट्यात रिसॉर्ट भरपूर झाले आहेत. शनिवारी हुबळी, बेळगाव, गोवा, बंगळुरूहून गाड्या येतात, राफ्टिंग करतात, रात्री गाणी लावतात, रविवारी जातात. त्यात वाईट काही नाही, मीही गेलो आहे. पण तिथल्या बफेमध्ये पनीर, गोबी मंचुरियन आणि गुलाबजाम असतात. जोयड्याची कणगी मला एकाही रिसॉर्टच्या ताटात दिसली नाही.

कणगी म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. देशावरच्या मंडळींसाठी सांगतो. जमिनीखाली वाढणारे हे कंद. कणगी, करांदे, कोनफळ, सुरण, अळकुड्या आणि इथे ‘मुडली’ म्हणतात तो अळूच्या जातीचा भला मोठा कंद. जोयड्यातले कुणबी शेतकरी हे पिढ्यान् पिढ्या लावत आले आहेत. घराच्या मागे, कुंपणाच्या कडेने, झाडावर वेल चढवून. पावसाच्या तोंडाला लावायचे, पाने पिवळी पडून वेल सुकला की थंडीत काढायचे. ना मोठं खत, ना पंप. एकेका घरात पाच-सात तऱ्हा सहज सापडतात, कारण सासू आपलं बियाणं सुनेला देते आणि लेक माहेरचं घेऊन जाते. दरवर्षी थंडीत जोयड्याला कंदांचा मेळा भरतो, खास बघण्यासारखा असतो. जांभळं कोनफळ कापलेलं बघितलं नसेल तर त्याचा रंग सांगून कळणार नाही.

द्राक्षाच्या गावात एका उताराच्या वाईनची चव शेजारच्या उतारापेक्षा वेगळी कशी, यावर लोक तासभर बोलतात. वाखाउत सर्वांत भारी वाईनच्या वर्गाला तिथल्या बांधांवर ऊन खात बसणाऱ्या हिरव्या सरड्याचं नाव दिलं आहे. इतकं प्रेम. कुंभारवाड्याजवळ ज्या घरी आम्ही तिसऱ्या दिवशी उतरलो, तिथल्या आजी कंदांबद्दल तशाच बोलत होत्या. हा ओढ्याकाठचा, पाणचट. हा वरच्या माळावरचा, लहान पण पिठूळ. हा दगडात वाढलेला, वाकडातिकडा, पण सर्वांत गोड, “हा विकायचा नाही, घरच्यांनी खायचा.” आम्हाला तो दिला.

जेवण काय होतं सांगतो. मिठाच्या पाण्यात उकडलेली कणगी आणि करांदे, त्यावर लसूण-मिरचीची चटणी. मुडलीच्या तळलेल्या कापा. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची आमटी, आमसुलाची कढी. सकाळी नाचणीची आंबील. सात सायकलवाल्यांनी किती खाल्लं ते लिहीत नाही, आजींनाच दोनदा चूल पेटवावी लागली. आमच्या काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. न पिणाऱ्यांसाठी जगातला सर्वांत चांगला द्राक्षमळा कुंभारवाड्याला आहे. पिणाऱ्यांनी अजून थोडं पश्चिमेला उतरून गोव्यात जावं, तिथल्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. काजू जोयड्यातही आहे, पण घरी दारू गाळायला कर्नाटकात परवानगी नाही, त्यामुळे सम्राट जोसेफचा हुकूम इथे चालायचा नाही.

रात्री शेकोटीपाशी मात्र बोलणं वेगळ्या वाटेला गेलं. हा सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. २००७ मध्ये अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं. प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला सरकारी योजनेत आधी १० लाख रुपये होते, २०२१ पासून १५ लाख झाले. या घरातला मुलगा गोव्यात हॉटेलात काम करतो. त्याचं म्हणणं, घ्यावेत पैसे, मुलीला चांगल्या शाळेत घालावं, इथे पावसात चार महिने रस्ता धड नसतो, आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तर जीव मुठीत. वडील काही बोलत नव्हते. आजी म्हणाल्या, “पंधरा लाखांत परसू येतं काय?”

आमच्यातल्या एकाने, चांगल्याच हेतूने, म्हटलं की मग होमस्टे जोरात चालवा, इथेच पैसे मिळतील. मुलगा हसला. म्हणाला, “दादा, वर्षात तुमच्यासारखे किती येतात? तुम्ही नऊ जण आलात, चांगलं वाटलं. पण नऊ जणांवर घर चालत नाही.”

त्याचं बरोबर आहे. मी मनातल्या मनात हिशेब केला. आम्ही माणशी दिवसाला पंधराशे रुपये त्या घरात दिले, आणि निघताना चौदा किलो कंद विकत घेतले. एका मुक्कामाला ही रक्कम वाईट नाही. पण वाखाउत जी पाळी असते, दोन आठवडे या घरी, दोन आठवडे त्या घरी, ती चालायला मागून सतत लोक यावे लागतात. लोक यायला रस्त्याचा नकाशा, सामानाची गाडी, उघड्या घरांचं वेळापत्रक आणि कोणाकडे विचारायचं याचा एक फोन नंबर लागतो. ऑस्ट्रियात हे सगळं गावाने आणि सरकारने मिळून उभं केलं. वाईनची चव फक्त निमित्त आहे. आणि तरी जोयड्यातला त्या मुलाचा मुख्य मुद्दा, शाळा आणि दवाखाना, सायकलवाल्यांनी सुटणारा नाही. तो तसाच उरतो. गोव्यात कुणबी अनुसूचित जमातीत आहेत, शेजारच्या जोयड्यातले कुणबी नाहीत, आणि त्यासाठी ते कित्येक वर्षं मागणी करत आहेत. नकाशावरची एक रेघ ओलांडली की तोच माणूस वेगळ्या रकान्यात जातो.

चौथा दिवस सोपा आणि सुंदर. कुंभारवाड्याहून अणशी आणि अणशीचा घाट उतरून कद्रा. सहाशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून जवळजवळ समुद्रसपाटीला. पायडल मारायची गरजच नाही, पण ब्रेक तपासून घ्या आणि ओल असेल तर उतरून चाला. अणशीजवळ काळ्या पाठीचा एक मोठा पक्षी पंखांचा आवाज करत डोक्यावरून गेला. भाची ओरडली, “धनेश!” तिला वाघापेक्षा तो जास्त आवडला. वाघ दिसला नाही. दिसूही नये, सायकलवरून तर नाहीच. जंगलातल्या आतल्या रस्त्यांवर सायकल घालू नका, डांबरी हमरस्त्यावरच राहा आणि पाच वाजायच्या आत मुक्कामाला पोचा. आतल्या वाटांवर जायचंच असेल तर आधी वनखात्याला विचारा.

कद्र्याला जेवून कारवारला पोचलो, काळीच्या पुलावर. नदी तिथे एवढी रुंद होते की हीच ती, जी गणेशगुडीला पुलाखाली वीजघराच्या मर्जीने वाहत होती, यावर विश्वास बसत नाही. काकांनी सायकल उभी केली, पायातले बूट काढले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी डॅन्यूब.” मग दोन मिनिटांनी म्हणाले, “पण आधी एकदा उळवीची जत्रा.”

तर ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. डॅन्यूबला जायचं असेल तर सप्टेंबर उत्तम, द्राक्षाची काढणी असते, आणि व्हिसासाठी तीन-चार महिने आधी तयारीला लागा. माझ्याकडे मार्ग आणि वेळापत्रक आहे, ते देईन. जोयड्याला जायचं असेल तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी, कंद काढायचे दिवस. एका घरात नऊहून जास्त माणसं मावत नाहीत, म्हणून यंदा दोन घरं बघितली आहेत, एक कुंभारवाड्याजवळ आणि एक जोयड्याजवळ. दोन तुकड्या करू, एक आज या घरी, एक त्या घरी, उद्या उलट. गिअरची सायकल, दोन जादा ट्यूब, पुढचा-मागचा दिवा, सुती रुमाल आणि थंडीचा एक कपडा. मोबाइलची रेंज नसते, घरी आधीच सांगून या.

आणि आजींनी बियाण्यासाठी दिलेली मुडलीची चार पिल्लं सध्या माझ्या बाल्कनीत, राखेत पुरून ठेवलेली आहेत. पहिला पाऊस पडला की मातीत लावायची असं बजावलं आहे. कुंडी किती मोठी घ्यावी, हे कोणाला माहीत असेल तर कळवा.